जवसाचं तेल आणि काळा कोपरा

भादवा सरत आला की माझ्या उजव्या हाताला चैन पडत नाही. बाकीचं अंग म्हातारं झालंय. उठताना गुडघा कुरकुरतो, डाव्या डोळ्यासमोर धुकं असतं. पण या हाताला महिने कळतात. बाजरीची कणसं भरली, कपाशीचं पहिलं बोंड उकललं, दुपारचं ऊन मानेला चटका द्यायला लागलं की हा आपोआप गोल फिरायला लागतो. जेवताना ताटाच्या कडेवर फिरतो, बाजेवर बसलो तर बाजेच्या लाकडावर फिरतो.

"अहो, काय पुसायलात?" बायको विचारते.

"काही नाय," मी म्हणतो.

मी भिंत पुसतोय हे तिला माहीत आहे. पन्नासाच्या वर वर्षं झाली आमच्या लग्नाला. तरी ती विचारते, आणि मीही तेच उत्तर देतो.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मेंढरांच्या मागं फिरत. तेव्हा लिहिण्यात कुणाला चुका दिसल्या तर त्यानं त्या काढाव्यात, मी बदलणार नाही. आतापर्यंत आयुष्यात एकच गोष्ट बदलली, आणि तीच सांगायला बसलोय. ती सांगतानाही बूड टेकत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो.

आमचं गाव दौलताबादच्या पाठीमागं आहे. शहरातून येणारे लोक किल्ल्याचं तोंड बघतात, आम्हाला त्याची पाठ दिसते. गावात देवीचं दगडी देऊळ आहे, लहानसंच. सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर जुनं चित्र आहे. देवीची मिरवणूक निघालीय. पुढं भालदार, मधी पालखी, मागं घोडे आणि हत्ती, आणि अगदी शेवटी खालच्या कोपऱ्यात आमच्या घराण्याचा मूळपुरुष उभा आहे. खांद्यावर घोंगडी, पायाशी मेंढी. चितारी चित्र काढत होता तेव्हा आमच्याच घरी जेवायचा, आणि रंगात कालवायला लागणारा बाभळीचा डिंक आमच्या मूळपुरुषानं मेंढरं चारता चारता गोळा करून दिला. म्हणून चिताऱ्यानं त्याला मिरवणुकीत घेतला. आमच्या घरात असं सांगतात.

सांगतात म्हणतो, कारण मी त्याला पाहिलेला नाही. माझ्या बापानंही पाहिला नव्हता. तो कोपरा काळा आहे. भाकरीच्या तव्याची पाठ असते तसा काळा. देवळाचा गुरव एकनाथ, माझ्याच वयाचा, लहानपणापासून मला चिडवत आलाय, "म्हादू, तुमचा पणजा मिरवणुकीत आला व्हता, पण उन्हानं करपला."

डिंकाच्या बदल्यात आमच्या घराला मान मिळाला. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी, म्हणजे घट बसायच्या आदल्या दिवशी, आमच्या घरच्या माणसानं देवळात जायचं, दार लोटून घ्यायचं आणि चित्राला जवसाचं तेल लावायचं. जवस आमच्याच रानातलं, घाण्यावर काढलेलं, आणि कापड कोरं. आत दुसरं कुणी थांबत नाही, गुरवही बाहेर उभा राहतो. बाप मला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा माझा हात पालखीपर्यंत पोचत नव्हता. त्यानं माझा हात आपल्या हातात धरून फिरवला. हात गोल फिरवायचा, जोर द्यायचा नाही, देवीच्या तोंडावरून खाली आणायचा. तेल लागलं की भिंत पावसात भिजलेल्या दगडासारखी व्हायची. गेरूचा तांबडा उठून यायचा, पालखीची हिरवी झूल दिसायची, देवी आत्ताच डोळे उघडल्यासारखी बघायची. नऊ दिवस तसं राहायचं. मग हळूहळू सगळं विझायचं, आणि आम्ही पुढच्या भादव्याची वाट बघायचो.

काळ्या कोपऱ्याला आम्ही जास्तीचं तेल लावायचो. उरलेली वाटीच्या वाटी त्याच्यावर निथळायचो. आपला माणूस म्हणून.

गेल्या वर्षीच्या भादव्यात एक मॅडम आल्या. शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत त्या जुन्या चित्रांचे रंग तपासतात. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, केस आखूड, पायात बूट. देवळाच्या पंचांनी त्यांना परवानगी दिली होती, मला कुणी विचारलं नव्हतं. तिथंच माझं डोकं फिरलं.

त्यांच्याजवळ पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. भिंतीला न लावता नुसतं समोर धरायच्या, आणि त्या रंगात कुठला धातू आहे ते पडद्यावर उमटायचं. तांबड्यावर धरलं तर लोखंड. "म्हणजे गेरू," त्या म्हणाल्या. देवीच्या ओठांवर धरलं तर पारा. "हा हिंगूळ. महागाचा रंग. फक्त ओठांना वापरलाय."

एकनाथ गुरव तोंडावर हात ठेवून म्हणाला, "आईच्या ओठात पारा! म्हणून बोलत नाय आपल्याशी."

मॅडम हसल्या. मी हसलो नाही. पण खरं सांगायचं तर दिवसभर मीही तिथंच घुटमळत होतो. रानात तुरीत गवत माजलं होतं, ते सोडून. एवढी वर्षं मी ज्या ओठांवरून हात फिरवला तिथं पारा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ही कालची पोर येऊन पाच मिनिटांत सांगते, हे काही पचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक सुरी काढली.

"हे काय करायलात?" मी विचारलं.

"बाबा, रंग कशात कालवलाय ते यंत्राला कळत नाही. डिंक, सरस, तेल, यातलं काय आहे ते बघायला कण घ्यावा लागतो. खसखशीच्या दाण्याएवढा. जिथं आधीच तडा गेलाय तिथलाच घेते."

"देवीचं कातडं सोलायचं म्हणा की."

"तसं नाही हो बाबा."

"घ्या, पंचांनी सांगितलंय तर घ्या. पण त्या कोपऱ्याला हात लावायचा नाय. तो आमच्या घरचा आहे."

त्यांनी ऐकलं. घोड्याच्या पायापाशी घेतला, झुलीचा घेतला. कोपरा सोडला. मग भिंतीवर बोट टेकवून बोट नाकाशी नेलं. "बाबा, भिंत चिकट लागते. हिच्यावर कधी काही लावलंय का? वार्निश, तेल, असं काही?"

एकनाथानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"काही नाय," मी म्हणालो. "दिव्याची काजळी असंल."

का म्हणालो? तेल म्हटलं की ही बाई बंद करायला लावणार, एवढं तिच्या डोळ्यांत दिसलं. बापानं दिलेला मान, त्याच्या बापानं त्याला दिलेला. गावात आमचं घर मेंढरांमुळं नाही, या तेलामुळं ओळखलं जातं. सोसायटीच्या बैठकीत मला मागं बसवतात, पण अमावास्येच्या सकाळी पाटलाचं घरसुद्धा मला वाट देतं. ते मी एका प्रश्नावर सोडून देईन?

आणि त्यानंतर बारा दिवसांनी अमावास्या आली, तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि तेल लावलं. घोड्याच्या पायापाशी जिथून कण काढला होता, तिथं बारीक पांढरा ठिपका होता. त्याच्यावर तेलाचा हात फिरवला आणि तो दिसेनासा झाला. त्या वेळी मला बरं वाटलं होतं. आता तो ठिपका ताटातसुद्धा दिसतो.

दिवाळी झाल्यावर मॅडम परत आल्या. चेहरा फुललेला. पारावर पंच बसलेले, बबनराव पाटील बसलेले, मी जरा बाजूला. त्या म्हणाल्या, रंगांत जवसाचं तेल सापडलंय. घोड्याच्या पायात, झुलीत, खोलवर. चिताऱ्यानं रंग तेलात कालवले असतील तर ही फार वेगळी गोष्ट आहे, या भागातल्या भिंतींवर असं सहसा दिसत नाही, त्या यावर लेख लिहिणार आहेत.

आमच्या तेलाचं पंचांनाही ठाऊक होतं, पण ते पुढं कोण आणणार? बबनराव लगेच म्हणाले, "रस्त्यावर बोर्ड लावू. वेरूळला जाणाऱ्या गाड्या इकडं वळल्या पाहिजेत."

एकनाथ माझ्या कानाशी आला. "म्हादू, तुझ्या वाटीनं गाव मोठं केलं की रे."

मी विचारलं, "मॅडम, आणि तो काळा कोपरा? तो साफ व्हतो का?"

त्यांचा चेहरा उतरला. "तेच वाईट आहे, बाबा. रंग डिंकात असता आणि तेल वरून बसलेलं असतं, तर वरचं तेल हळूहळू काढता आलं असतं. पण रंगच तेलात कालवलेला असेल तर तेल काढताना रंगही निघून येईल. मग कोपरा तसाच ठेवायचा. कायमचा."

कायमचा. त्या शब्दानं माझ्या पायाला भिंगरी लागली. त्या दिवसापासून मी एका जागी बसलो नाही. सकाळी दौलताबादच्या फाट्यापर्यंत चालत जायचो, काही काम नसताना. चहा घ्यायचो, अर्धा टाकायचो, परत यायचो. मेंढरं आता दहाच राहिलीत, तीही माझ्या येरझाऱ्यांना सरावून मला बघून हलायची बंद झाली. बोललो तर मान जातो, गावाचा बोर्ड जातो, खोटारडा म्हणून नाव होतं. गप्प राहिलो तर तो भिंतीतला माणूस तिथंच राहतो. तो खरंच आहे का नाही, हे मेलो तरी कळणार नाही. माझ्यानंतर विचारणारंही कुणी नाही. पोरगा वाळूजला कंपनीत आहे, त्याला घोंगडीचा वाससुद्धा सहन होत नाही.

दहाव्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती जवसाची चटणी कुटत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "म्हणजे मामंजींनी आणि तुम्ही मिळूनच त्याला काळा केला."

"तेलानं रंग उजळतो, काळा व्हत नाय," मी ओरडलो.

ती उठली. फडताळातून जवसाच्या तेलाची जुनी बाटली काढली, तळाशी थोडं तेल वाळून बसलेली, आणि माझ्यासमोर उन्हात धरली. काचेला आतून काळपट तपकिरी साल धरली होती. नखानं खरवडली तरी निघेना. एवढी वर्षं ती बाटली माझ्या घरात होती.

दुसऱ्या दिवशी एकनाथाला बरोबर घेतलं आणि एसटीनं शहरात गेलो. पिशवीत तीच बाटली आणि गेल्या अमावास्येचं कापड. प्रयोगशाळा म्हणजे पांढरी खोली, पंख्याचासुद्धा आवाज नाही. एकनाथ चपला बाहेर काढून आत आला, देवळासारखा. मी बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे घ्या तुमचं जवसाचं तेल. दरसाल आम्हीच लावतो. आमच्या घरचा मान आहे. किती पिढ्या, ते मला माहीत नाय."

त्यांनी बाटली उघडून वास घेतला. कापड उलगडून पाहिलं. दोन्ही परत टेबलावर ठेवलं.

"बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं व्हतं."

"लेख लिहून झालाय माझा. या आठवड्यात पाठवणार होते."

"मग वेळेत आलो म्हणायचं."

एकनाथानं मला कोपर मारलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि मला वाटतं रागाच्या भरातच त्यांना हसू आलं. मी म्हणालो, "त्या कोपऱ्यातला कण घ्या. मी सांगतोय म्हणून घ्या."

देवळात येऊन त्यांनी कण घेतला तेव्हा मी बाजूला उभा होतो, आणि माझ्याच दाढेत सुरी घातल्यासारखं वाटत होतं. पुन्हा शहरात बोलावलं तेव्हा तो कण काचेसारख्या एका गोळीत बसवून आडवा घासलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी तो मोठ्या पडद्यावर दाखवला.

जुन्या वाकळेची कड फाटली की आतली लुगडी एकावर एक दिसतात, तसं ते दिसत होतं. सगळ्यात खाली मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा, त्यावर रंगाचा पातळ थर. आणि त्याच्यावर, त्या सगळ्यापेक्षा जाड, तपकिरी. एकसारखा नाही. तपकिरी, मग केसाएवढी काळी रेघ, परत तपकिरी, परत रेघ.

"तपकिरी ते तेल," मॅडम म्हणाल्या. "काळ्या रेघा बहुतेक काजळीच्या. नवरात्रात दिवे लागतात ना."

"म्हणजे एक रेघ म्हणजे एक वर्स?"

"इतकं नेमकं सांगता येणार नाही. पण साधारण तसंच."

मी पडद्याजवळ गेलो. सगळ्यात वरची पट्टी माझी. गेल्या अमावास्येची, खोटं बोलल्यानंतरची. तिच्याखाली माझी तरणी वर्षं, लग्नाचं वर्ष, दुष्काळात उसनं जवस आणून लावलं ते वर्ष. त्याच्याखाली कुठंतरी बापानं माझा हात धरून फिरवला ते. माणसाला आपलं आयुष्य असं कडेनं बघायला मिळत नाही. मला मिळालं, आणि ते कुणाच्या तरी तोंडावर बसलेलं होतं.

"आणि खालचा रंग?" मी विचारलं.

"तो डिंकात आहे, बाबा. तेल वरून आलं आणि जिथं थर पातळ होता तिथं आत मुरलं, म्हणून मी फसले. डिंक बाभळीचाच, असं खात्रीनं म्हणता येत नाही, पण झाडाचा डिंक आहे."

"बाभळीचाच आहे," मी म्हणालो. "आणि आमचाच आहे."

त्यांनी वाद घातला नाही.

माघात कोपऱ्याची सफाई सुरू झाली. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, भिंतीवर हलकेच लोळवायचा, फेकायचा, दुसरा घ्यायचा. कापूस चहासारखा तांबूस होऊन यायचा. दोन आठवड्यांत तळहाताएवढी जागा झाली, आणि बाकीचं पुढच्या हंगामात म्हणून काम थांबलं. मी रोज बघत होतो. तळहाताएवढ्या त्या चौकोनातून काय निघालं म्हणता?

काळा.

पण वेगळा काळा. तेलाच्या काळ्यात चिकट लाली असते. हा कोरडा, मऊ, आणि त्याच्यावर पांढऱ्या बारीक रेघा ओढलेल्या, आडव्या, जवळजवळ. मॅडम म्हणाल्या, हा काजळीचा रंग आहे, डिंकात कालवून मुद्दाम लावलेला.

"घोंगडी," मी म्हणालो. "पांढऱ्या पट्ट्यांची घोंगडी आहे ती."

एकनाथ डोळे बारीक करून म्हणाला, "हत्तीची कातडी दिसतीय मला. सुरकुत्या बघ की. हत्ती मागंच व्हते ना मिरवणुकीत?"

"तुझ्या डोळ्यात हत्ती!"

"बरं, तुझा पणजा हत्तीएवढा व्हता असं समजू."

मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, एवढ्या तुकड्यावरून सांगता येत नाही. तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. सोसायटीत, पारावर, पिठाच्या गिरणीत. लोक हसतात. मी हसत नाही. शेजारचा चौकोन उघडायला मॅडम नवरात्र संपल्यावर येणार आहेत. तोवर मला फक्त वाट बघायची आहे, आणि वाट बघणं हे काम मला कधी जमलेलं नाही.

आणि मधी ही अमावास्या.

आठ दिवसांपूर्वी बबनराव घरी आले. मॅडमचा लेख थांबला तसा बोर्डही गेला, त्याचा राग त्यांच्या पोटात आहेच. बाजेवर बसले, पाणी प्यायले. "म्हादूबा, यंदा तुम्ही तेल लावणार नाय म्हणं?"

"नाय."

"मग मान आम्हाला द्या. घट तेलाशिवाय कसे बसतील? पिढ्यान् पिढ्यांचं आहे. तुम्हाला नसंल जमत तर आमची सून लावील, नायतर आणखी चार घरं पुढं व्हतील."

ज्या मानासाठी मी खोटं बोललो, तो सोडला तर कुणीही वाटी घेऊन आत जाईल आणि तो तळहाताएवढा चौकोन एका हातात बुजवून टाकील. मी म्हणालो, "मान आमचाच आहे, बबनराव. तेल लावायचं का नाय, ते आमचं घर ठरवील. दुसऱ्या कुणी भिंतीला बोट लावलं तर मी देवळाच्या पायरीवर झोपंन."

"लई हट्टी माणूस आहे बुवा," ते बायकोकडं बघून म्हणाले.

"मला नवीन सांगायलात व्हय?" बायको म्हणाली.

परवा अमावास्या झाली. बायकोनं रिवाजाप्रमाणं वाटी भरून दिली, कोरं कापड दिलं. "घालणार कुठं आहात एवढं तेल?" तिनं विचारलं. ते मलाही ठाऊक नव्हतं. देवळासमोर माणसं जमली होती. बबनराव होते. त्यांनी वाट दिली, पण डोळे वाटीवर. मी आत गेलो आणि पहिल्यांदा दार उघडं ठेवलं. ऊन सरळ भिंतीवर पडलं.

तेल न लागलेलं चित्र मी असं उघड्या उन्हात कधी पाहिलंच नव्हतं. देवी सुकलेली दिसत होती, उपवास धरल्यासारखी. माझा हात उठला. खोटं कशाला सांगू, उठलाच. कापड तेलात बुडालं होतं, कधी बुडवलं ते आठवत नाही. मी मागं फिरलो आणि ते कापड देवळाच्या दारावर दाबलं. सागाचं जुनं दार, उन्हानं भेगाळलेलं. दारानं तेल गटागटा पिऊन टाकलं. वरपासून खालपर्यंत पुसलं, दोन्ही फळ्या, कड्या सोडून. हात गोल फिरत होता, जोर न देता. निम्मी वाटी दाराला गेली.

उरलेली घेऊन मी कोपऱ्यापुढं बसलो, भिंतीकडं पाठ करून, तोंड गावाकडं. दुसऱ्या दिवशी घट बसेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. ऊन वर आलं. लोक हळूहळू पांगले, बबनराव सगळ्यात शेवटी. जवसाचा वास दारातून येत होता आणि हात मांडीवर फिरत होता. माझ्या पाठीमागं, वीतभर अंतरावर, तो तळहाताएवढा चौकोन.

एकनाथ झाडू घेऊन आला. मला पाहून थांबला.

"म्हादू, हत्तीची राखण करायलास व्हय रे?"

"व्हय," मी म्हणालो. "हत्तीची."

त्यानं झाडू खांबाला टेकवला. तो बाजूला बसला. मी वाटी उचलली आणि हात भिंतीकडं जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.